विसरू नये म्हणून बसून राहिलेले सर

आमच्या सरांच्या तासाला ‘हजर’ म्हणायची सोय नव्हती. नंबर पुकारला की उभं राहायचं आणि काल नवीन काय शिकलो ते एका वाक्यात सांगायचं. सांगता आलं नाही की गैरहजर. तुम्ही पहिल्या बाकावर धडधडीत बसलेले असा, सरांच्या लेखी तुम्ही आलेलाच नाहीत. हजेरीपटात ते इतरांसारखा ‘ह’ काढत नसत. चौकटीत मावेल एवढ्या बारीक अक्षरात त्या गोष्टीचं नाव लिहीत. ‘पंक्चर’, ‘पोहणं’, ‘दोरीची गाठ’. प्राचार्यांनी एकदा लेखी खुलासा मागितला, तेव्हा सरांनी उत्तर दिलं, “विद्यार्थ्याचं अंग वर्गात होतं एवढीच नोंद हवी असल्यास ती शिपायाकडून करून घ्यावी.” तो कागद शिपायानंच आम्हाला वाचून दाखवला होता.

सर नांदूरघाटला राहायचे आणि आमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. पोरं त्यांना मागून ‘पेशीसर’ म्हणत. कारण वर्षाच्या पहिल्या दिवशी ते सगळ्यांना एक जुनं गाईड उघडायला लावत. त्यात छापलेलं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या पेशी तयार होत नाहीत. ती ओळ लाल पेनानं खोडायची, हा आमचा पहिला धडा.

“कानाच्या आतल्या अंगाला, खोल, करंगळीएवढा एक भाग आहे,” सर सांगत. “आठवणी आत शिरतात त्या तिथून. म्हाताऱ्या उंदराच्या डोक्यातसुद्धा तिथं नव्या पेशी जन्मतात. उंदीर पळाला तर जास्त जन्मतात. काही शिकला तर त्या जगतात. नाही शिकला तर थोड्याच दिवसांत बहुतेक मरून जातात. आता सांगा बे, जो काल काहीच शिकला नाही तो काय करून आला?”

“खून करून आला, सर,” मागच्या बाकावरून आवाज यायचा.

“बरोबर,” सर म्हणायचे. त्यांना तो विनोद वाटत नसे.

या पेशींचं कामही ते पाठ करून घेत. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या ठेवणं. काल सायकल कुठं लावली आणि आज कुठं लावली, हे नव्या पेशीमुळं कळतं. ती नसली की काल आजच्यात मिसळून जातो. माणसांत हे सगळं नेमकं किती होतं, यावर मोठमोठ्या लोकांचं अजून भांडण चालू आहे, हेही ते सांगत. पण ते वाक्य ते घाईघाईनं उरकत.

स्वतः मात्र त्यांनी बोलल्याप्रमाणे केलं, एवढं श्रेय द्यावंच लागेल. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बाजारातल्या एका फळवाल्याकडून उर्दू अक्षरं शिकून घेतली. पहिलं अख्खं वाक्य वाचलं ते केळ्यांच्या गाडीवरचं, आणि तेवढ्या आनंदात दोन डझन केळी वर्गात वाटली. गुरुवारी डाव्या हातानं जेवायचे; वरण सदऱ्यावर सांडायचं आणि धुवायचं बायकोनं. रोज पहाटे चालायला जात. नारायणगडालाही दरवर्षी पायी जात, पण गेल्या वर्षीचा रस्ता धरत नसत. एका वर्षी इतका नवा रस्ता शोधला की पोचले तेव्हा यात्रा संपून दुकानं उठली होती. मग पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम शिकायचं डोक्यात घेतलं. स्टँडजवळ एका चाचांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. तिथं रोज संध्याकाळी जाऊन बसायचे.

“सर, तुमी पोरं शिकवा की,” चाचा कुरकुरायचे. “ह्यो तांब्याच्या तारेचा कारभार हाय. तुमी भरलेली मोटार जळून परत माझ्याकडंच येती.”

“म्हणूनच तर,” सर म्हणायचे. “तुमच्या डोक्यातली पेशी त्याच्यानं जगते, चाचा.”

चाचा आम्हाला सांगायचे, “तुमचे सर पागल हाय. पर लई चांगले पागल हाय.”

हे सगळं गमतीचं वाटतं. घरात ते तितकं गमतीचं नसावं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर होती. आम्ही दोघी एका उंचीच्या, दोन वेण्यांच्या, किडकिडीत. मागून बघितलं तर इतर शिक्षक एकीला दुसरीच्या नावानं हाक मारायचे. सर कधीच चुकले नाहीत. पण बाप म्हणून त्यांनी तिला एक पैचीही सवलत दिली नाही. उलट तिचंच शिकणं त्यांना पुरत नसे. आमच्यातल्या कुणी ‘काल नवी रांगोळी शिकले’ म्हटलं तरी चाले. तिनं म्हटलं की ‘ते तुला येत होतं’. गैरहजर.

एक दिवस मला नीट आठवतो. आदल्या दिवशी आमची शेळी अडली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी पिल्लू हातानं ओढून काढलं होतं. माझा नंबर आल्यावर मी हे सांगितलं तर पोरं फिदीफिदी हसली. सरांनी सगळ्यांना गप्प केलं, मला बाकावर उभं केलं आणि पिल्लाचे पाय कसे होते, मी आधी काय धरलं, शेळीनं काय केलं, सगळं अर्धा तास सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, “आज या पोरीच्या डोक्यात जेवढ्या पेशी जगल्या तेवढ्या तुमच्या सगळ्यांच्या मिळून जगल्या नाहीत.” खरं सांगते, माझ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलेलं नाही. आज मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते, ते त्या अर्ध्या तासाच्या जोरावर.

माझ्यानंतर तिचा नंबर होता. ती उठून म्हणाली, “काल मी कांदा पाण्यात धरून चिरायला शिकले. डोळ्यांतून पाणी येत नाही.”

“ही युक्ती झाली. शिकणं नव्हे. बस,” सर म्हणाले आणि ‘गै’ लिहिलं.

ती बसली आणि माझ्या कानात म्हणाली, “तुझी शेळी कालच अडायची काय गरज होती गं?” मला हसू आवरेना.

कॉलेज संपवून ती घरीच होती, नर्सिंगला जायचं ठरलं होतं. त्या पावसाळ्यात तिला ताप आला. गावात दोन दिवस, तालुक्याला दोन दिवस आणि मग बीडला. आठव्या दिवशी गेली. तापाचं नाव डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सांगण्याचा उपयोग उरला नव्हता. सर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होते. मला बघून एवढंच म्हणाले, “काल ती मला ओळखत होती.”

त्यानंतर त्यांनी शिकवणं सोडलं. नोकरीची दोन-तीन वर्षं शिल्लक असताना राजीनामा दिला. तरी पहाटेचं चालणं मात्र चालू होतं. ती सवय पायांची होती. बाकी वेळ गप्प. काकू, म्हणजे सरांच्या बायको, मला म्हणाल्या, “तू येत जा गं पोरी. तुझ्याशी पेशीबिशीचं बोलले तर बोलले. माझ्याशी काय बोलतेन?”

आणि इथं मी जे केलं ते मला आजही गिळता येत नाही.

मला वाटलं, त्यांच्या विषयातलं काहीतरी ताजं न्यावं. इंटरनेटवर शोधलं, एक इंग्रजी लेख सापडला, त्याचं मराठी करून चार पानं सुवाच्य अक्षरात लिहिली आणि नांदूरघाटची बस धरली. नव्या पेशींचं दुसरं एक काम असावं, असं त्या लेखात होतं. त्या आल्या की जुनी जोडणी विस्कटते. म्हणजे नवं शिकायला जागा होते, पण जुनं पुसलं जातं. लहानपणी मेंदूत नव्या पेशींचा सुळसुळाट असतो, म्हणूनच आपल्याला अगदी तान्हेपणचं काही आठवत नसेल. उंदरांवर हे करून बघितलं होतं.

सरांनी चारही पानं वाचली. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत जाग आलेली बघून मी मनातून फुशारले.

“कोणते उंदीर विसरले?” त्यांनी विचारलं.

“चाकावर पळालेले, सर,” मी पाठ केल्यासारखं सांगितलं. “जे पिंजऱ्यात बसून राहिले त्यांना जुनं जास्त आठवलं.”

सरांनी पानांची घडी केली आणि खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते चालायला गेले नाहीत.

माणसांबाबत यातलं काहीच नक्की सांगता येत नाही, असं त्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं होतं. तो परिच्छेद मी उतरवलाच नव्हता. कंटाळा आला होता, आणि परतीच्या बसची वेळ होत होती. नंतर मी पायाशी बसून त्यांना ते सांगितलं, दहादा सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “नक्की नाही, म्हणजे होतही असेल. माझ्याकडं ती एवढीच उरली आहे. धोका कशाला घेऊ?”

जो माणूस काल शिकला नाही त्याला खुनी म्हणणारे सर, तेच आता एकही नवी पेशी जन्मू नये म्हणून खुर्चीत बसले. सायकल चाचांना देऊन टाकली. पेपर बंद केला. टीव्हीला चादर घातली. जेवायला रोज पिठलं-भाकरी. ताटात दुसरी भाजी दिसली की ताट सारायचे. घरात कुणी अनोळखी आलं की डोळे मिटून घ्यायचे, नवा चेहरा आत जाऊ नये म्हणून. मला येऊ देत, कारण मी जुनी होते. पण मी नवा ड्रेस घालून गेले की तोंड फिरवत. म्हणून त्यांच्याकडं जायचा माझा एक ठरलेला जुना निळा ड्रेस होता.

रोज सकाळी चहा झाला की उजळणी. डोळे मिटून, मांडीवर बोटं आपटत, पाढे म्हटल्यासारखी लेकीची एकेक गोष्ट म्हणायची. पालीला भ्यायची, सापाला भ्यायची नाही. भाकरीवर साखर घ्यायची. बोरं मिठाशिवाय खायची नाही. पहिलीत पाटी फोडून आली आणि ‘मी बाकावरून पडले’ म्हणाली. अशा साठ-सत्तर गोष्टी, त्याच क्रमानं. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.

काकू एकदा माझ्यासमोर फुटल्या. “मी रोज पानी भरते, दळन आनते, बाजार हिंडते. चार बायांशी बोलते. तरी मला तिचं समदं ध्यानात हाय. ह्यांनाच का म्हून बसावं लागतंय?” सर ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

काकूंचा सख्खा भाऊ तेलगावला वारला तेव्हाची गोष्ट तर सांगू नये अशी आहे. काकू एकट्याच गेल्या, तिसऱ्या दिवशी परत आल्या. मी त्यांना सोबत म्हणून घरापर्यंत आले होते. दारातूनच त्या म्हणाल्या, “अवो, आमचा दादा…”

सरांनी हाताचा पंजा वर केला. “नको. नवीन काही सांगू नको.”

काकू तशाच उभ्या राहिल्या. मग पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि चुलीकडं गेल्या. सरांना मेहुणा गेल्याचं शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्या दिवशी सरांचा इतका राग आला की तीन महिने मी तिकडं फिरकले नाही. पण राग कुणाचा करायचा? ती चार पानं त्यांच्या खिशात माझ्याच अक्षरातली होती.

चाचाही अधूनमधून येऊन बसत. ओळखीचे होते, त्यामुळं त्यांना मुभा होती, पण बोलायचं नाही. बाहेर आल्यावर एकदा मला म्हणाले, “बेटी, मोटार बंद करून ठेवली तर ती टिकत न्हाई. जाम होती. हे मी सरांना कसं सांगू? नवीन हाय म्हनतील.”

चौथ्या वर्षी उजळणी बिघडायला लागली. आधी क्रम हलला. मग पाटी पहिलीतून चौथीत गेली. एकदा मी बाजूला बसले असताना सर म्हणाले, “एकटी घरात होती. शेळी अडली. हातानं पिल्लू ओढून काढलं तिनं. मी बाकावर उभं केलं होतं.” आणि ते हसले, अभिमानानं.

माझ्याजवळ मिरवण्यासारखी ती एकच गोष्ट होती, ती त्यांनी उचलून लेकीला दिली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त भीती वाटली. दोन सारख्या गोष्टी वेगळ्या ठेवायचं काम नव्या पेशी करतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या खरंच थांबल्या होत्या, की हे निव्वळ वय होतं, की चार वर्षं खुर्चीत कुजलेलं दुःख, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना दाखवायला सर तयार नव्हते. डॉक्टर नवा होता.

तोवर मी कॉलेजात शिकवायला लागले होते. दुसऱ्या दिवशी तिथल्या जुन्या कपाटातून मी आमच्या वर्षाचा हजेरीपट शोधून काढला. वाटलं, त्यात तिच्या नावापुढं तिचं खरं काय ते सरांच्याच अक्षरात असेल. ते नेऊन दाखवू. माझ्या ओळीत सापडलं ‘शेळी’. तिच्या ओळीत त्याच तारखेला ‘गै’. अलीकडं ‘गै’. पलीकडं ‘गै’. पान उलटलं तरी तेच. मधूनच एखादा शब्द, की पुन्हा ‘गै’. एकही दिवस न चुकवता आलेली पोरगी, बापाच्या हजेरीपटात ती जवळजवळ आलेलीच नव्हती. मी तो परत कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

शेवटचं गेले ते उन्हाळ्याच्या तोंडाला. निळा ड्रेस विरला होता, तरी तोच घातला होता. सर खुर्चीत होते, पाय सुजलेले. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

“आलीस?” म्हणाले. “कुठं होतीस इतके दिवस?”

हा आवाज माझ्यासाठी कधीच नव्हता. मला कळलं. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, त्यांनाही कळलं.

“इथंच होते,” मी म्हटलं.

“तुझी ती बाकावरची मैत्रीण. तापानं गेली ती. नाव काय गं तिचं?”

मी काकूंकडं बघितलं. त्यांनी मान हो म्हणून हलवली नाही, नाही म्हणूनही हलवली नाही. मी माझं नाव सांगितलं.

“हां,” सर म्हणाले. “रोज यायची बिचारी. मी उगीच तिला गैरहजर लावायचो. चुकलंच माझं.” मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठायला लागले. “तू आहेस म्हटल्यावर मी कशाला बसलोय इथं? चल, फिरून येऊ. गावंदरीच्या शेतांच्या बाजूनं, तो रस्ता आपण बघितला नाही.”

चार वर्षं ते खोलीबाहेर चालले नव्हते. मी एका बाजूनं धरलं, काकूंनी दुसऱ्या. अंगण ओलांडलं, फाटकापर्यंत गेलो. तिथं पाय संपले. आम्ही त्यांना कट्ट्यावर टेकवलं. ते रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडं हावऱ्यासारखे बघत होते. कितीतरी वर्षांनी इतके खूश दिसले. “उद्या पुढं जाऊ,” म्हणाले. पण त्या दिवसानंतर ते खाटेवरून उठले नाहीत, आणि महिनाभरात गेले.

फाटकापर्यंत गेलो त्याच संध्याकाळी त्यांना आत निजवून काकू स्वयंपाकाला बसल्या. मग म्हणाल्या, “ह्यांची लेक आली परत. माझी न्हाई आली.”

काकूंनी पातेल्यात पाणी घेतलं, कांदा त्यात बुडवून धरला आणि विळीवर न चिरता सुरीनं पाण्यातच चिरायला लागल्या. आमच्याकडं असं कुणी चिरत नाही.

“काकू, पाण्यात कशाला?”

“तिनं शिकवलं मला. डोळ्याला पानी येत न्हाई म्हनं.” त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “तिच्या बापाला सांगितलं तर युक्ती हाय म्हनले. असंल युक्ती. मी तवापासून असाच चिरते.”

दुसऱ्या दिवशी पहिला तास मोकळा होता. मी कपाट उघडून तो हजेरीपट काढला. जुन्या पटात खाडाखोड करणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्या नावाची ओळ बोटानं धरून त्या तारखेपर्यंत आले, लाल पेनानं ‘गै’ खोडलं आणि त्याच चौकटीत, मावेल एवढ्या बारीक अक्षरात, ‘कांदा’ लिहिलं.